साध्या कॅल्क्युलेटरवर पाचवं, सातवं, बारावं मूळ कसं काढायचं

मी मिरजेत कॉमर्सच्या मुलांना शिकवते. सकाळी अकरावी-बारावीचं बुककीपिंग, दुपारी बी.कॉम., संध्याकाळी सीए फाउंडेशनची बॅच. तिन्हीकडे मुलं एकाच ठिकाणी अडतात. सूत्र पाठ असतं, आकडे बरोबर भरलेले असतात, आणि शेवटच्या ओळीत ‘याचं सातवं मूळ’ आलं की कॅल्क्युलेटरकडे बघत बसतात. त्यावर √ चं एकच बटण, आणि ते फक्त वर्गमूळ देतं. सायन्सच्या मुलांना लॉग टेबल वापरायची सवय असते. आमच्या मुलांना ती नसते. सीएच्या परीक्षेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतही नाही. बारा अंकी, फार तर सहा क्रियांचा आणि दोन मेमरींचा साधा कॅल्क्युलेटर तेवढा नेता येतो.

पण तेवढ्यावर कुठलंही मूळ निघतं. इंटरनेटवर ‘अमुक वेळा √ दाबा, एक वजा करा’ अशा युक्त्या खूप फिरतात आणि मुलं त्या मंत्रासारख्या पाठ करतात. मंत्रातला एक आकडा विसरला की सगळं गेलं. म्हणून मी प्रत्येक रीत ती का चालते यासकट सांगणार आहे. कारण कळलं की विसरलेली रीत परीक्षेच्या बाकावर बसूनसुद्धा परत बांधता येते.

आधी मशीन ओळखा

बहुतेक दुकानांच्या गल्ल्यावर कॅसिओ किंवा सिटिझनचा बारा अंकी कॅल्क्युलेटर असतो. टेबलावरच्या मोठ्या मॉडेलवर वरच्या बाजूला एक छोटी सरकपट्टी असते. तिच्यावर एफ, ४, २, ० असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती एफवर असायलाच हवी. दुकानदार ती दोनवर ठेवतात, कारण त्यांना रुपये-पैसेच हवे असतात. दोनवर असेल तर उत्तरं दशांशानंतर दोन घरांत कापली जातात आणि पुढे सांगितलेली एकही रीत चालत नाही. घरातला किंवा दुकानातला कॅल्क्युलेटर परीक्षेला नेणार असाल तर ही पट्टी आधी बघा.

मग ३ दाबा, × दाबा, = दाबा. ९ दिसायला हवेत, म्हणजे ‘× =’ ने वर्ग होतो. पुन्हा × = केलं की ८१. नुसतं = पुन्हा दाबलं तर काही मशीनवर २७ येतात, काहींवर ९ च राहतात. २७ येत असतील तर घात काढायला ते फार सोयीचं. ९ राहत असतील तर ३ × × = = असं करून बघा, कॅसिओवर साधारणपणे तसं चालतं.

मेमरीचं तिसरं. एमआर (मेमरीतला आकडा आणणारं) आणि एमसी (मेमरी पुसणारं) अशी वेगळी बटणं असतील तर काळजी नाही. एमआरसी असं एकच बटण असेल तर एकदा दाबलं की मेमरीतला आकडा येतो आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलं की मेमरी पुसली जाते. घाईत बोट दोनदा पडतं. शांतपणे दाबा.

चौथं, आठवं, सोळावं

यात सांगण्यासारखं थोडंच आहे. √ दोनदा दाबलं की चौथं मूळ, तीनदा दाबलं की आठवं, चारदा दाबलं की सोळावं. सहावं हवं असेल तर एकदा √ आणि मग त्याचं घनमूळ. दहावं म्हणजे √ आणि मग पाचवं. बारावं म्हणजे √ √ आणि मग घनमूळ. थोडक्यात, सम आकड्यातले दोन-दोन √ ने काढून टाकायचे. खरं काम उरतं ते विषम मुळांचं: तिसरं, पाचवं, सातवं.

घनमूळ

समजा एका दुकानाची उलाढाल तीन वर्षांत ४० लाखांवरून ६५ लाखांवर गेली. दरसाल सरासरी किती टक्के वाढ? ६५ ÷ ४० = १.६२५. याचं घनमूळ काढायचं.

१.६२५ टाइप करून एम प्लस दाबा, म्हणजे आकडा मेमरीत जाईल. आता √ √. पडद्यावर १.१२९० येईल. हे चौथं मूळ आहे, घनमूळ नाही, पण पहिला अंदाज म्हणून पुरे. आता पुढची साखळी पुन्हा पुन्हा:

× एमआर = √ √

पहिल्या फेरीला १.१६३८, दुसऱ्या फेरीला १.१७२७, मग १.१७४९, १.१७५५, १.१७५६. आकडे हलायचे थांबत येतील तसं उत्तर जवळ येत जातं. खरं उत्तर १.१७५६६७ आहे, म्हणजे वाढ दरसाल १७.५७ टक्के.

हे का चालतं? खऱ्या घनमुळाला क्ष म्हणू. क्षचा घन म्हणजे आपली संख्या. दोन्ही बाजूंना आणखी एकदा क्षने गुणलं तर क्षचा चौथा घात म्हणजे संख्या गुणिले क्ष. चौथं मूळ काढायला आपल्याकडे √ √ आहेच. म्हणून ‘संख्येने गुणा, √ √ दाबा’ ही साखळी खऱ्या घनमुळावर चालवली तर उत्तर तेच परत येतं, आणि चुकीच्या अंदाजावर चालवली तर चूक दर फेरीला साधारण चौथाई होते. वरचा पहिला अंदाज चार टक्क्यांनी कमी होता. मग एक टक्का, मग पाव टक्का. किती फेऱ्या लागतील हे यावरून आधीच सांगता येतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. × एमआर नंतर = दाबल्याशिवाय √ दाबू नका. = राहिलं तर मशीन गुणाकार पुरा न करताच फक्त एमआरमधल्या आकड्याचं वर्गमूळ काढतं. पडद्यावर आकडा तर येतो, दिसतोही बरा, म्हणून चूक लक्षातच येत नाही. माझ्या वर्गात उत्तर चुकलं की मी पहिल्यांदा हेच विचारते.

एकने कमी: सातवं आणि पाचवं

घनमुळाची गंमत अशी की ३ हा ४ पेक्षा एकने कमी आहे, आणि ४ हा २ चा घात. मग सातव्या मुळाचं काय? ७ हा ८ पेक्षा एकने कमी. साखळी तीच, फक्त √ तीनदा:

× एमआर = √ √ √

याचं उदाहरण घसाऱ्यातलं घेऊ, कारण सातवं मूळ कॉमर्सच्या मुलांना बहुतेक तिथेच भेटतं. यंत्र ५,००,००० चं. सात वर्षांनी मोडीची किंमत ५०,०००. डब्ल्यूडीव्ही म्हणजे घटत्या शिल्लक पद्धतीने घसाऱ्याचा दर किती? मोडीची किंमत भागिले मूळ किंमत म्हणजे ०.१. त्याचं सातवं मूळ काढून एकातून वजा करायचं.

०.१ एम प्लस. √ √ √ केलं की ०.७४९९. साखळीची पहिली फेरी ०.७२३४, दुसरी ०.७२०१, तिसरी ०.७१९७. इथेच थांबलं तरी चालेल. दर निघतो २८.०३ टक्के. चूक इथे दर फेरीला आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून घनमुळापेक्षा सातवं मूळ लवकर निघतं. मुलांना हे पहिल्यांदा खोटं वाटतं. मग मी ०.७१९६८५७ ला सात वेळा गुणायला लावते. ०.१ परत आलेलं बघितलं की पटतं.

पाचव्या मुळाला थोडं थांबून विचार करावा लागतो. ५ च्या पुढे एकावर २ चा घात नाही. पण ५ च्या पटींत शोधा: १०, १५. १५ हा १६ पेक्षा एकने कमी! क्षचा पाचवा घात म्हणजे संख्या, तर क्षचा पंधरावा घात म्हणजे संख्येचा घन. एकदा क्षने गुणलं की सोळावा घात. म्हणून मेमरीत संख्या न ठेवता संख्येचा घन ठेवायचा आणि √ चारदा दाबायचं.

गुंतवणूक १,२०,००० ची पाच वर्षांत २,१०,००० झाली. गुणोत्तर १.७५. त्याचा घन ५.३५९३७५, हा मेमरीत घाला. √ √ √ √ केलं की १.११०६. मग

× एमआर = √ √ √ √

पहिल्याच फेरीला १.११७९, दुसरीला १.११८४०, तिसरीला १.११८४२५. उत्तर १.११८४२७, म्हणजे ११.८४ टक्के. चूक दर फेरीला सोळाव्या हिश्श्यावर येते. दोन फेऱ्यांत परीक्षेपुरतं उत्तर हातात. मला या सगळ्यांत हीच रीत सगळ्यात आवडते, आणि पाठ करायची गरज नसल्यामुळेही आवडते. ‘पाचच्या पटीत, दोनाच्या घातापेक्षा एकने कमी’ एवढं आठवलं की बाकीचं आपोआप सुचतं. पंधरावं मूळ तर आणखी सोपं: मेमरीत संख्याच, √ चारदा. नववं मूळ हवं असेल तर घनमुळाचं घनमूळ काढा, ते जास्त सोपं.

अकरा आणि तेराला मात्र ही रीत परवडत नाही. त्यांच्या पटी शोधत गेलं तर फार मोठे घात लागतात. त्यांच्यासाठी पुढची रीत.

बारा वेळा √

हीच ती इंटरनेटवरची मंत्रवाली रीत. ती चालते कोणत्याही मुळाला, अपूर्णांकातल्या घातालासुद्धा. क्रम असा: संख्या टाइप करा, √ बारा वेळा दाबा, १ वजा करा, जितकं मूळ हवं तितक्याने भागा, १ मिळवा, आणि मग ‘× =’ बारा वेळा.

बारा वेळा मोजताना चार-चार-चार असं तीन टप्प्यांत मोजा, प्रत्येक चौकडीनंतर क्षणभर बोट उचला. अकरा किंवा तेरा वेळा दाबलं गेलं तर उत्तर पार बदलतं आणि ते नुसतं बघून कळत नाही.

आता कारण. व्याजाचं गणित आठवा. दोन-पाच वर्षांसाठी सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांत बराच फरक पडतो. पण एका दिवसासाठी? जवळजवळ काहीच नाही. वाढ जितकी बारीक तितके दोघे एकमेकांच्या जवळ. बारा वेळा √ म्हणजे ४०९६ वं मूळ. इतकं मूळ काढल्यावर संख्या १ ला अगदी चिकटते, १.७५ चं होतं १.०००१३६६३४. यातला १ च्या पुढचा भाग म्हणजे वाढीचा इवलासा तुकडा. इतक्या बारीक तुकड्याचं पाचवं मूळ काढायचं म्हणजे तो तुकडा नुसता पाचाने भागायचा, सरळव्याजासारखा. भागून झालं की १ परत मिळवायचा आणि बारा वेळा वर्ग करून ४०९६ वा घात परत चढवायचा. जेवढ्या पायऱ्या खाली उतरलो तेवढ्याच वर.

१.७५ वर हे करून बघा. वजा १ केल्यावर ०.०००१३६६३४, पाचाने भागून ०.००००२७३२६८, १ मिळवून बारा वर्ग केले की १.११८४३ च्या आसपास. मघाच्या साखळीचं उत्तर १.११८४२७ होतं. चार दशांशांपर्यंत दोन्ही सारखंच, ११.८४ टक्के. शेवटचे एक-दोन आकडे मशीनप्रमाणे पुढेमागे होतील, त्यांची काळजी करू नका.

मग तेरा, पंधरा, वीस वेळा का नाही दाबायचं? जितकं जास्त दाबाल तितके १ च्या पुढे शून्यं वाढतात आणि पडद्यावरची बारा घरं त्या शून्यांनीच भरतात. कामाचे आकडे उरतात थोडे. कमी दाबलं तर तुकडा पुरेसा बारीक होत नाही. बारा अंकी मशीनला बारा-तेरा वेळा हा मध्य चांगला. आठ अंकी जुना कॅल्क्युलेटर असेल तर आठ-नऊ वेळाच दाबा, आणि अर्थातच वर्गही तितक्याच वेळा.

ही रीत शिकवणारे बहुतेक जण तिची मर्यादा सांगत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मुलं विश्वासाने उत्तर लिहून मोकळी होतात. संख्या १ पासून जितकी दूर तितकी चूक वाढत जाते. १२१६७ चं घनमूळ बरोबर २३ आहे. या रीतीने काढा, २३.०५ च्या पुढे काहीतरी येईल. इतकी चूक चालणार नाही.

उपाय सोपा आहे. आधी अंदाजाने जवळचा पूर्ण घात बाहेर काढा. २० चा घन ८०००. १२१६७ ÷ ८००० = १.५२०८७५. आता याच्यावर बारा √ ची रीत चालवा, येईल १.१५०००५ च्या आसपास. त्याला २० ने गुणा: २३.०००१. मूळ काढायची संख्या अर्धा ते दोन यांच्या मध्ये आणून ठेवली की ही रीत तुम्हाला फसवत नाही. साखळीच्या रीतीला हे बंधन नाही. तिथे सुरुवात लांबून झाली तर फेऱ्या वाढतात, पण उत्तर बरोबरच येतं.

किसान विकास पत्र

अपूर्णांक घाताचं खरं उदाहरण पोस्टातच आहे. एप्रिल २०२३ मध्ये किसान विकास पत्राचा दर ७.५ टक्के झाला आणि मुदत ११५ महिने. ११५ महिन्यांत पैसे दुप्पट. ‘दुप्पट’ ऐकलं की लोक खूश होतात, पण दरसाल किती पडतं हे स्वतः काढून बघा. ११५ महिने म्हणजे ११५ ÷ १२ वर्षं. तेव्हा २ चं ‘साडेनऊव्याच्या थोडं पुढचं’ मूळ काढायचं. असलं मूळ साखळीने निघत नाही, बारा √ ने निघतं.

२ टाइप करा, √ बारा वेळा: १.०००१६९२३९७. वजा १. आता १२ ने गुणा, ११५ ने भागा: ०.००००१७६५९८. १ मिळवा, बारा वर्ग. पडद्यावर १.०७५०१. साडेसात टक्के. सरकारने सांगितलेला दर आणि मुदत एकमेकांना जुळतात, हे दोन मिनिटांत घरबसल्या कळलं. गावातल्या पतसंस्थेचं किंवा एखाद्या एजंटाचं ‘इतक्या महिन्यांत दामदुप्पट’ असं पत्रक हातात आलं की त्याच्यावरही हेच करा.

बारावं मूळ: महिन्याचा दर आणि पेटीची पट्टी

वर्षाला १२ टक्के परतावा असेल तर महिन्याला किती? बाराने भागून १ टक्का म्हणणारे पुष्कळ भेटतात. १.०१ ला बारा वेळा गुणून बघा, १.१२६८ येतं, म्हणजे वर्षाला १२.६८. खरा महिन्याचा दर १.१२ च्या बाराव्या मुळात असतो. १.१२ √ √ केलं की १.०२८७३७. हे मेमरीत घाला आणि त्याचं घनमूळ साखळीने काढा: १.००९४८९. म्हणजे ०.९४८९ टक्के. फरक छोटा वाटतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो लाखांत जातो.

मिरजेत राहून सुरांचं उदाहरण टाळणं मला जमत नाही. पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत कंपनसंख्या दुप्पट होते, आणि मध्ये बारा सारख्या पायऱ्या. म्हणून एक पायरी म्हणजे २ चं बारावं मूळ. २ √ √ = १.१८९२०७, त्याचं घनमूळ १.०५९४६३. ४४० कंपनांच्या पट्टीला याने गुणलं की शेजारची पट्टी ४६६.१६. सात वेळा गुणा, पेटीचा पंचम १.४९८३ येतो. तंबोऱ्यावर कानाने लावलेला पंचम बरोबर १.५ असतो. पेटीचा पंचम किंचित उतरलेला असतो हे गवई कानाने सांगतात, आपण साध्या कॅल्क्युलेटरवर बघू शकतो. माझ्या वर्गातल्या गाणं शिकणाऱ्या मुली बारावं मूळ विसरत नाहीत ते यामुळे.

अंदाज सुधारायची तिसरी रीत

कधी कधी उत्तराचा चांगला अंदाज आधीच असतो, विशेषतः व्याजाच्या गणितात. पैसे दुप्पट होत असतील तर ७२ ला वर्षांनी भागा, तिप्पट होत असतील तर ११४ ला. अकरा वर्षांत तिप्पट म्हणजे दर साधारण १०.४ टक्के. मग ३ चं अकरावं मूळ १.१ च्या आसपास असणार.

हा १.१ घ्या. त्याचा दहावा घात काढा, म्हणजे मूळ जितकं त्याहून एकने कमी: २.५९३७४२. ३ ला याने भागा: १.१५६६३. अंदाज बरोबर असता तर इथे १.१ च आला असता. आता दहा भाग जुन्या अंदाजाचे आणि एक भाग नव्याचा, अशी सरासरी काढा: १.१ × १० = ११, त्यात १.१५६६३ मिळवून ११ ने भागा. १.१०५१५. खरं उत्तर १.१०५०३. आणखी एक फेरी केली की पाच दशांशांपर्यंत जुळतं. ही न्यूटनची रीत. अंदाज जवळचा असेल तर या तिन्हींत हिच्याइतकी भरभर उत्तराला भिडणारी दुसरी नाही. पण दर फेरीला घात काढावा लागतो, कागदावर मधले आकडे उतरावे लागतात, म्हणून परीक्षेत मी हिला तिसरा नंबर देते.

पर्याय दिलेले असतील तेव्हा

सीए फाउंडेशनचा गणिताचा पेपर पर्यायांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. तिथे मूळ काढत बसायचंच कशाला? चार पर्यायांतला मधला घ्या आणि त्याचा घात चढवा. जास्त आला तर खालचा पर्याय, कमी आला तर वरचा. गुणाकार मुळापेक्षा केव्हाही सोपा.

उत्तर पूर्णांक असेल तर शेवटचा अंक बघूनच काम होतं. कोणत्याही संख्येच्या पाचव्या घाताचा शेवटचा अंक त्या संख्येच्या शेवटच्या अंकासारखाच असतो. १,४३,४८,९०७ चं पाचवं मूळ? शेवटी ७. २० चा पाचवा घात ३२ लाख, ३० चा २ कोटी ४३ लाख. आपली संख्या मध्ये, म्हणून २७. कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. नववा, तेरावा घातही असेच वागतात. तेविसाव्या घाताचा शेवटचा अंक मात्र घनासारखा चालतो: २ चा ८, ८ चा २, ३ चा ७, ७ चा ३, बाकी तसेच. शकुंतलादेवींनी १९७७ साली डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात २०१ अंकी संख्येचं तेविसावं मूळ ५० सेकंदांत तोंडी सांगितलं होतं. आपल्याला त्यांच्या जवळपासही जाता येणार नाही, पण त्या उत्तराचा शेवटचा अंक कुठला असणार एवढं आता तुम्हीही सांगू शकाल.

सायंटिफिक, मोबाइल आणि एक्सेल

परीक्षेबाहेर हे सगळं एका बटणावर होतं. कॅसिओ एफएक्स-८२एमएसवर आधी ५, मग शिफ्ट आणि घाताचं बटण, मग ३२, मग =. पडद्यावर २. घाताचं चिन्ह वापरून करायचं असेल तर कंस विसरू नका: ३२^(१÷५). कंस सुटला तर मशीन ३२ चा पहिला घात काढून त्याला पाचाने भागतं आणि ६.४ दाखवतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आणि एक्सेलमध्येही कंसाचं हेच.

ऋण संख्येवर √ दाबलं की साधा कॅल्क्युलेटर ‘ई’ दाखवतो आणि अडून बसतो. एसी दाबा, वजा चिन्ह बाजूला ठेवा, धन संख्येचं मूळ काढा. मूळ विषम असेल तर शेवटी चिन्ह परत लावा: −३२ चं पाचवं मूळ −२. सम असेल तर वास्तव संख्यांमध्ये उत्तर नसतंच, आणि कॉमर्सच्या गणितात तसं आलं तर गुणोत्तर मांडतानाच कुठेतरी वजाबाकी उलटी झालेली असते. मागे जाऊन ती ओळ तपासा.